लाजेला दोष देणे सोपे आहे

30 जुलै 2020. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ब्रिटनचे तत्कालीन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी ट्विटरवरून जाहीर केले, की मध्यरात्रीपासून ग्रेटर मँचेस्टर, पूर्व लँकेशायर आणि वेस्ट यॉर्कशायरच्या काही भागांत दोन कुटुंबांनी एकमेकांच्या घरी जायचे नाही. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न ही त्या पट्ट्यातली गावे पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या कुटुंबांनी गजबजलेली. संसर्ग वाढत होता, त्यामुळे निर्बंध वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पण सणाचे सगळे बेत ठरलेल्या घरांना जेमतेम तीन तास आधी, तेही एका ट्वीटमधून ही बातमी कळावी, यात त्या घरांना सरकारदरबारी किती किंमत आहे याचा निरोपही दडलेला होता. तो निरोप ज्यांच्यापर्यंत पोहोचायचा त्यांच्यापर्यंत बरोबर पोहोचला. पुढे याच कुटुंबांना मनाला त्रास होत असेल तर हेल्पलाइनला फोन करा असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी फोन केले नसतील तर त्याचे नवल वाटायला नको.

ब्रिटनमधल्या वांशिक अल्पसंख्याक कुटुंबांच्या मनावर कोविडकाळात काय गुजरले याची चर्चा तिथे पुष्कळ झाली. पण ती बहुतेक वेळा एकाच मुक्कामाला जाऊन थांबते. या समाजांत मानसिक आजाराची लाज फार, ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती फार, म्हणून ते मदत मागत नाहीत, तेव्हा जनजागृती करा, पत्रके काढा, एखादा लोकप्रिय चेहरा पुढे करा. लाज नाही असे कोणी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती दुय्यम गोष्ट आहे. या कुटुंबांच्या मनावरचा भार नोकरी, घर, व्हिसा आणि अर्धवट राहिलेले अंत्यविधी यांतून आला होता. त्यामुळे आधारही तिथूनच सुरू व्हायला हवा होता, आणि तो एकट्या रुग्णाला देऊन भागणारा नव्हता. तो अख्ख्या कुटुंबाला द्यायला हवा होता. लाजेला दोष दिला की सरकारला यातले काहीच करावे लागत नाही. म्हणूनच ते कारण इतके सोयीचे आहे.

आधी मृत्यूंचा हिशेब पाहू. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ने जून 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार वय, लिंग, प्रदेश आणि परिसराची गरिबी हे सगळे घटक लक्षात घेतल्यावरही बांगलादेशी वंशाच्या रुग्णांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट होता. भारतीय, पाकिस्तानी, चिनी, कॅरिबियन या गटांत तो 10 ते 50 टक्क्यांनी अधिक होता. एप्रिल 2020 मध्ये कोविडने दगावलेल्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावे पुढे आली, तेव्हा ते दहाच्या दहा अल्पसंख्याक समाजांतले निघाले. यामागे रक्तात काही वेगळे आहे का, याचा शोध बराच काळ चालला. प्रत्यक्षात उत्तर कामाच्या आणि राहण्याच्या जागेत होते. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने मे 2020 मध्ये दाखवून दिले, की इंग्लंड-वेल्समधल्या काम करण्याच्या वयाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे 3 टक्के असले, तरी डॉक्टरांमध्ये ते 14 टक्के होते. म्हणजे संसर्गाच्या तोंडाशी ते आधीपासूनच उभे होते. दुसरीकडे टाळेबंदीत ठप्प झालेल्या उद्योगांत बांगलादेशी पुरुषांचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिश पुरुषांच्या चौपट होते, कारण उपाहारगृहे आणि टॅक्सी हीच त्यांची रोजीरोटी. शिवाय इंग्लंडमधल्या घरांच्या सरकारी पाहणीनुसार बांगलादेशी कुटुंबांपैकी जवळपास एक चतुर्थांश कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. गोऱ्या ब्रिटिशांत हे प्रमाण 2 टक्के होते. बाप टॅक्सी चालवून घरी येतो आणि त्याच दोन खोल्यांत दम्याची आजी झोपलेली असते. अशा घरात ‘स्वतःला वेगळ्या खोलीत ठेवा’ या सूचनेने धास्ती तेवढी वाढते, कारण पाळायची म्हटली तरी ती पाळणार कुठे?

या धास्तीची मोजदादही झालेली आहे. ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ हे ब्रिटनमधले वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन केले जाणारे मोठे सर्वेक्षण. त्यातल्या महासाथीआधीच्या आणि एप्रिल 2020 च्या उत्तरांची तुलना युजेनियो प्रोटो आणि क्लिमेंट किंटाना-डोमेक या अर्थशास्त्रज्ञांनी केली. गोऱ्या ब्रिटिश पुरुषांपेक्षा अल्पसंख्याक पुरुषांचे मानसिक स्वास्थ्य अधिक ढासळले होते, आणि ही घसरण मुख्यतः बांगलादेशी, भारतीय आणि पाकिस्तानी पुरुषांमध्ये दिसली. स्त्रियांची अवस्था सगळ्याच गटांत वाईट झाली होती. हा निष्कर्ष नीट वाचायला हवा. लाज काही मार्च आणि एप्रिलच्या मधल्या चार आठवड्यांत वाढत नाही. ती आधीही तेवढीच होती. त्या चार आठवड्यांत बदलले ते एवढेच, की घरचा कमावता पुरुष एक तर रोज रोगाच्या तोंडी जाऊ लागला किंवा कमाई बंद होऊन घरी बसला.

दुसरा घाव अपुऱ्या राहिलेल्या दुःखाचा. मार्च 2020 च्या अखेरीस लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला 13 वर्षांचा एक मुस्लिम मुलगा रुग्णालयात एकटाच मरण पावला. संसर्गाच्या भीतीने त्याच्याजवळ कुणालाच जाऊ दिले नव्हते. भावंडांत लक्षणे दिसल्यामुळे आईला आणि भावंडांना दफनविधीलाही जाता आले नाही. देश हळहळला, आणि दोन आठवड्यांनी आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले, की शक्य असेल तिथे जवळच्या नातलगांना अखेरचा निरोप घेऊ द्यावा. मयताला घरच्यांनी आंघोळ घालणे, खांदा देणे, दहाव्याला नातलग जमणे, चाळीस दिवस दाराशी येणारी माणसे: ज्या समाजांत दुःख असे चारचौघांत वाटून घेण्याची रीत आहे, त्या समाजांसाठी हेच सारे समुपदेशन असते. ते एका फटक्यात बंद झाले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. आपल्याकडच्या घरांनाही याची झळ लागली. 23 एप्रिल 2021 पासून ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकले. भारतातून परतणाऱ्याला दहा दिवस सरकारी हॉटेलात राहण्याची सक्ती होती आणि त्याचे बिल एका माणसाला 1,750 पौंड होते. नेमकी तेव्हाच महाराष्ट्रात दुसरी लाट टिपेला होती. लंडन-लेस्टरमधल्या कितीतरी मराठी मुलांनी पुण्या-नाशिकच्या आईवडिलांचे अंत्यदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या बैठकीत बसली.

या गोष्टी टाळता येण्याजोग्या नव्हत्या, साथच तशी होती, असे म्हटले जाईल. पण थोडे ऐकून घेतले तर काय साधते, याचा पुरावा त्याच काळात मिळतो. मार्च 2020 मध्ये ब्रिटिश संसदेत आणीबाणीच्या कोरोना कायद्याचे विधेयक आले. मृतांची संख्या आवाक्याबाहेर गेली तर दहन करण्याचे अधिकार प्रशासनाला मिळण्याची तरतूद त्यात होती. मुस्लिम आणि ज्यू कुटुंबांच्या पोटात गोळा आला, कारण त्यांच्यात दहन निषिद्ध. ब्रॅडफर्ड वेस्टच्या खासदार नाझ शहा यांनी दुरुस्ती मांडली, दोन्ही समाजांच्या संस्था पाठीशी उभ्या राहिल्या आणि मृताच्या श्रद्धेचा मान राखण्याची तरतूद सरकारने मान्य केली. त्यासाठी एक पैसा खर्च झाला नाही, एकही मानसोपचारतज्ज्ञ नेमावा लागला नाही, आणि हजारो घरांतली एक भीती मात्र गेली. मानसिक आरोग्याच्या कोणत्याही अहवालात या दुरुस्तीची नोंद उपचार म्हणून होणार नाही. माझ्या मते ती व्हायला हवी.

आता लाजेच्या मुद्द्याकडे वळू, कारण त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मानसिक त्रासावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण इंग्लंडमध्ये 2014 च्या राष्ट्रीय पाहणीत गोऱ्या ब्रिटिशांत सुमारे 13 टक्के होते. इतर गटांत ते त्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. दक्षिण आशियाई घरांत लेकीच्या लग्नाच्या चिंतेने आजार झाकला जातो, नैराश्याला ‘आळस’ किंवा ‘नजर लागली’ म्हटले जाते, हे सगळे खरे. पण या आकड्यांशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. इंग्लंडमध्ये लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात ठेवता येते. 2019-20 मध्ये इंग्लंडात असे डांबले गेलेल्यांचे प्रमाण लाखामागे गोऱ्यांत 73, तर कृष्णवर्णीयांत 321 होते. चौपटीहून अधिक. ज्या यंत्रणेशी आपल्या भावाची किंवा मुलाची गाठ पोलिसांच्या गाडीतून आणि कुलूपबंद वॉर्डातून पडते, तिच्या दारात आपणहून न जाणे याला लाज म्हणायचे की अनुभवातून आलेले शहाणपण? त्यातच इतरही हिशेब होते. दर गुरुवारी रात्री देश आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होता, त्याच वेळी परदेशातून आलेल्या डॉक्टर-नर्सकडून आरोग्यसेवेच्या वापरापोटी वर्षाला माणशी 400 पौंडांचा अधिभार घेतला जात होता. ओरड झाल्यावर 21 मे 2020 रोजी सरकारने त्यांना त्यातून वगळण्याचे मान्य केले. अशी वागणूक मिळत असताना मदत न मागण्याचे कारण फक्त त्या समाजांच्या संस्कृतीत शोधायचे, हा एकतर्फी तपास झाला.

पैशाची आणि परवान्याची बाजू तर याहून ठळक आहे. ब्रिटनमध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या बहुतेकांना सरकारी भत्ते मिळत नाहीत. ती अट तेव्हा त्यांच्या परवान्यावरच छापलेली असे. 27 मे 2020 रोजी संसदीय समितीपुढे ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना आपल्या मतदारसंघातल्या एका पाकिस्तानी जोडप्याविषयी विचारले. दोघे वर्षानुवर्षे राबलेले, मुले पदरात, महासाथीत कमाई आटलेली, आणि या अटीमुळे मदत शून्य. त्या जोडप्याला मदत का मिळत नाही, असा उलटा प्रश्न पंतप्रधानांनीच केला. देशाच्या प्रमुखालाच आपला नियम ठाऊक नव्हता. त्या घरातल्या बाईला रात्री झोप लागत नसेल तर तिला श्वासाचे व्यायाम शिकवणारे ॲप देऊन काय होणार? भाडे थकले आहे, मालक दार ठोठावतो आहे, आणि मदत मागितली तर व्हिसाच धोक्यात येईल अशी भीती आहे. तिच्या चिंतेवरचा पहिला उपचार ती अट महासाथीपुरती उठवणे हाच होता. तो डॉक्टरांच्या हातात नव्हता, गृहखात्याच्या हातात होता.

यावर पहिला आक्षेप असा, की महासाथीने सगळ्यांनाच पोळले. मग काही समाजांना वेगळी वागणूक कशाला? गरीब गोऱ्या कुटुंबांनीही तेच सोसले. आक्षेपात तथ्य आहे, आणि भाडे, भत्ते, घर यांबाबत केलेली व्यवस्था त्या गोऱ्या कुटुंबांनाही उपयोगीच पडेल. पण एकच पत्रक सगळ्यांना दिले म्हणजे समानता झाली, हे खरे नाही. इंग्रजी न येणाऱ्या बाईला ते पत्रक मिळूनही मिळालेले नसते. साथीच्या सुरुवातीला ‘डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड’ या संस्थेने आरोग्यसेवेच्या सूचना साठ भाषांत उतरवून दिल्या. हे काम एका स्वयंसेवी संस्थेला करावे लागले यातच सगळे आले. दुभाषी नसला की शाळकरी मुलगी फोनवर आईच्या वतीने डॉक्टरांशी बोलते. आई मुलीसमोर ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे कसे म्हणेल? ती डोके दुखते म्हणते, मुलगी तेच सांगते आणि डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून देतात. इथे दुभाषी देणे ही खास सवलत नव्हे. इतरांना जे आपसूक मिळते, ते या बाईपर्यंत पोहोचवण्याचा तो किमान खर्च आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुटुंबाला आणि समाजाला मध्ये घ्या म्हणता, पण अनेक घरांत त्रासाचे मूळ कुटुंबच असते. सुनेला कोंडणारी सासू, मारहाण करणारा नवरा, समलिंगी मुलाला घराबाहेर काढणारा बाप; यांच्या हाती मदतीची किल्ली द्यायची? आणि ‘समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून जे पुढे येतात ते बहुधा वयस्क पुरुषच असतात. हा धोका शंभर टक्के खरा आहे, आणि टाळेबंदीत घरगुती हिंसेविषयीचे मदतीचे फोन वाढले होते हेही खरे. म्हणूनच कुटुंबाला आधार देणे आणि कुटुंबप्रमुखाला मुखत्यारपत्र देणे यांत फरक करायला हवा. प्रशिक्षित दुभाषी नात्यातला नसावा, प्रत्येकाला एकट्याने बोलण्याची सोय हवी, आणि आपल्याच समाजातला समुपदेशक हवा की परका, ही निवड त्या व्यक्तीची असावी. काहींना परकाच बरा वाटतो, कारण बातमी मोहल्ल्यात फुटण्याची भीती नसते. असे काम शक्य आहे हे लंडनच्या ‘नफसियात’ या संस्थेने दाखवले आहे. कोलकात्यात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ जाफर करीम यांनी 1983 मध्ये ती स्थापन केली. तिथे वीसहून अधिक भाषांत उपचार मिळतात आणि रुग्णाची संस्कृती अडचण मानली जात नाही. चाळीस वर्षांहून जुना हा अनुभव हाताशी असूनही अशा संस्था आजही अनुदानाच्या तुकड्यांवर चालतात.

सरकारला हा मार्ग ठाऊकच नव्हता असेही नाही. डिसेंबर 2020 मध्ये लसीकरण सुरू झाले आणि अल्पसंख्याक वस्त्यांत लस नाकारली जाते आहे असे दिसले, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये बर्मिंगहॅमच्या बॉल्सल हीथ भागातल्या एका मशिदीत लसीकरण केंद्र उघडले गेले. इमाम आणि त्यांच्याच समाजातले डॉक्टर पुढे आले, समाजातल्या स्वयंसेवकांसाठी 2 कोटी पौंडांहून अधिक निधी मंजूर झाला. तेव्हा कुणी ‘या समाजांत सुईची लाज फार’ म्हणून हात झटकले नाहीत. विश्वास कमी आहे हे मान्य केले आणि ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सोबत घेतले. एका माणसाने लस नाकारली तर धोका सगळ्या देशाला होता. एक माणूस आतल्या आत खचला तर धोका फक्त त्याच्या घराला होता. दोन्हींसाठी लागलेल्या घाईतला फरक मला तरी एवढ्याने समजतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे सारे ‘गोऱ्यांच्या देशातला वर्णभेद’ म्हणून वाचून बाजूला ठेवू नये. 2020 च्या मार्चमध्ये ईशान्य भारतातल्या तरुण-तरुणींना आपल्याच देशातल्या शहरांत ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले. मेळघाटातल्या कोरकू घरात किंवा गडचिरोलीच्या गोंड पाड्यावर मराठीतले पत्रक तेवढेच परके असते, जेवढे ब्रॅडफर्डच्या आजीला इंग्रजीतले. तिथली बाई बोलत नाही, यालाही आपण ‘अज्ञान’ आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे चांगला दाखला मात्र आहे. पुण्याच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासीबहुल तालुक्यात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प केला. गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन खचलेल्या माणसाला ओळखणे, त्याच्याशी काही बैठकांत बोलणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे हे काम त्यांच्याकडे दिले. त्याच्या जोडीला सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. मनाचे बोलणे आणि पेन्शनचा अर्ज एकाच माणसाने हाताळायचा. ब्रिटनमध्ये जे व्हायला हवे होते, ते पेठमध्ये आधीच करून पाहिले गेले होते, आणि पुढे गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात ते मोठ्या प्रमाणावर राबवले गेले.

साथ आल्यावर दुभाषी शोधायला निघालो तर ते मिळत नाहीत, आणि विश्वास तर आणीबाणीत उभा राहतच नाही. म्हणून कामे आजच करायची आहेत. कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची तालुकावार यादी करावी. रेशन, निवृत्तिवेतन, वनहक्क आणि मानसिक आधार यांसाठी माणसाला चार दारे झिजवावी लागू नयेत अशी सोय लावावी. अंत्यविधीच्या नियमांचा मसुदा त्या-त्या समाजाला विचारून आधीच तयार ठेवावा. आणि ‘आत्मीयता’सारखे प्रयोग पथदर्शी म्हणून कौतुकाच्या फाइलीत न ठेवता त्यांना कायमची तरतूद द्यावी. राज्याच्या आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांनी येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे. ते मागितले नाही, तर पुढच्या साथीत ‘लोकच मदत घेत नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना राहणार नाही.